लांब पल्ल्याचे भिंग

श्रोतेहो, व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची समजूत अशी, की आम्ही कंत्राटी कामगारांवर किंवा किमान वेतनावर बोलणार. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या कारखान्यांच्या फाटकांवर गेली ३० वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहो. जी फाटके उरली आहेत तेथे अजूनही बोलतो. आज मात्र आम्ही तुमच्यापुढे एक वस्तू घेऊन आलो आहो. टेबलावर जी काळी, जाडजूड नळी आडवी ठेवलेली दिसते ती तोफ नव्हे. ती कॅमेऱ्याची लेन्स आहे. पेन्टाकॉन ह्या नावाची, ५०० मिलिमीटरची, पूर्व जर्मनीत घडलेली, वजनाने साडेतीन किलोच्या आसपास. तिच्या मागे लावायचा कॅमेरा फिल्मचा, १२० च्या रोलचा. असल्या लेन्सने दूरचे जवळ येते असे सारे म्हणतात. ते तसे नाही, हे कळण्यासाठी आमच्या एका सोबत्याची नोकरी पणाला लागावी लागली.

गोष्ट १९९६ सालची. कारखान्याचे नाव घेत नाही. तो आता नाही, आणि त्या जागेवर जो मनोरा उभा आहे त्यात राहणाऱ्यांचा ह्यात काही दोष नाही. संप नव्हता. बोनसच्या प्रश्नावर पहिली पाळी सुटताना फाटकसभा झाली, घोषणा झाल्या, मंडळी घरी गेली. दोन दिवसांनी आमच्या एका टर्नर सोबत्याच्या हातात आरोपपत्र पडले. त्याने म्हणे कामगार खात्याच्या एका साहेबाच्या गळपट्टीला हात घातला. आरोप शाबीत झाला तर बडतर्फी ठरलेली. पुरावा म्हणून पोस्टकार्डाएवढा एक फोटो. त्यात कमरेपासून वर दोघे जण दिसत होते, दोघांची डोकी एका रेषेत, दोघांचे चेहरे जवळजवळ सारख्याच आकाराचे, आणि आमच्या माणसाचा उगारलेला हात बरोबर साहेबाच्या कॉलरवर.

सोबती शपथेवर सांगे, की साहेब फाटकाच्या आत होता, मी रस्त्यावर होतो, मध्ये लॉरी उभी राहील एवढी जागा होती. कोणालाही सुचेल तेच आम्हांस सुचले. फोटो बनावट आहे, दोन निगेटिव्ह जोडल्या आहेत. तसे लेखी देण्याचेही ठरले. ते दिले असते तर सोबत्याला आम्हीच बुडवले असते. कारण फोटो अस्सल होता.

घाटकोपर स्टेशनाबाहेर तेव्हा एक स्टुडिओ होता. त्याचे वयस्क मालक पासपोर्टाचे फोटो आणि लग्ने ह्यांवर पोट भरीत, पण कॅमेऱ्याचे शास्त्र त्यांना पाठ होते. त्यांनी भिंग डोळ्याला लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, “ह्यात काही जोडलेले नाही. कशाने काढला हे नंतर विचारा, कुठून काढला हे आधी विचारा.” मग ते आम्हांस दुकान पोरावर टाकून फलाटावर घेऊन गेले.

त्या दिवशी त्यांनी जे करून दाखविले ते तुम्हीही उद्या कामावर जाताना करून पाहा. फलाटाच्या छपराचे खांब एका ओळीत असतात. समजा दोन खांबांत २० फुटांचे अंतर आहे. पहिल्या खांबापासून १० फुटांवर उभे राहा. दुसरा खांब तुमच्यापासून ३० फुटांवर आला, म्हणजे तिप्पट लांब. तो पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच दिसेल, आणि मध्ये जागा आहे हे पोरालाही कळेल. आता मागे मागे चालत जा. पहिला खांब ३०० फुटांवर गेला की दुसरा ३२० वर असतो. ३०० आणि ३२० ह्यांत फरक तो किती? दोन्ही खांब जवळजवळ सारखे दिसतात आणि एकमेकांना टेकलेले वाटतात. ह्यात लेन्स कोठे आली? कोठेच नाही. नुसत्या डोळ्याने हे होते. परंतु त्या अंतरावरून खांब काडीएवढे दिसतात, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही. लांब पल्ल्याची लेन्स एवढेच करते, की त्या दूरच्या दृश्याचा मधला तुकडा कापून फिल्मभर पसरते. ती वस्तू जवळ आणीत नाही. तुम्ही जेथे उभे आहात तेथेच राहता, आणि तेथून दिसणारी दाटी तेवढी मोठी होते.

साध्या लेन्सने त्याच जागेवरून फोटो काढला आणि त्याचा मधला भाग वाढवला, तर तंतोतंत तेच चित्र मिळेल. फक्त दाणेदार, फुटलेले. मग एवढी साडेतीन किलोची काच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या दाण्यांत आहे, आणि त्यासाठी फिल्मचा हिशेब थोडा पाहावा लागेल.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी बडोद्यास बनलेला आग्फा क्लिक थ्री असेल. त्यात १२० चा रोल बसे आणि एका रोलवर १२ चौकोनी फोटो येत. त्यांना सहा बाय सहा म्हणतात, प्रत्यक्षात बाजू ५६ मिलिमीटरची. छोट्या ३५ मिलिमीटर फिल्मवरचे चित्र २४ बाय ३६ चे. दोहोंचे क्षेत्रफळ काढा: एक ३१३६, दुसरे ८६४. म्हणजे मोठ्या फिल्मवर साडेतीनपटींहून अधिक जागा. तेवढे बारकावे अधिक मावतात, आणि मोठ्या आकारात छापताना चित्र फाटत नाही. पण मोठ्या फिल्मला फुकट काही मिळत नाही. लेन्सचे नाभीय अंतर, ज्याला दुकानात सरळ ‘एमएम’ म्हणतात, ते छोट्या फिल्मसाठी ५० असले की चित्र डोळ्याला नेहमीसारखे दिसते. सहा बाय सहाला त्यासाठी ८० लागतात. म्हणून हीच ५०० ची लेन्स छोट्या कॅमेऱ्यावर दसपट मोठे दाखवील, पण आमच्या कॅमेऱ्यावर सव्वासहा पट. दसपट हवे तर ८०० ची पाहिजे. नाभीय अंतर वाढले की प्रकाश पुरेसा येण्यासाठी पुढची काचही रुंद करावी लागते. हिच्यावर ५.६ हा आकडा कोरला आहे. ५०० ला ५.६ ने भागा म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर येतात. प्रकाश आत येण्याच्या वाटेची ती रुंदी. त्याच घराण्यात येना शहरी झाइस कारखान्याने १००० मिलिमीटरची एक लेन्स केली, तिलाही आकडा ५.६ चाच. तेथे हाच भागाकार १७८ देतो, म्हणजे ७ इंच. नुसत्या भिंगांची ती केली असती तर उचलायला हमाल लागला असता, म्हणून तिच्यात आरसे घालून प्रकाश दुमडला आहे. तरीही ती तेरा-चौदा किलोंची झाली.

आता चौकशीकडे परत येऊ. आम्ही बनावटपणाचा मुद्दा सोडून दिला आणि दोनच गोष्टी मागितल्या. एक, पूर्ण निगेटिव्ह हजर करा. दोन, छायाचित्रकाराला साक्षीला आणा. चौकशी अधिकाऱ्यांनी कुरकुरत का होईना, दोन्ही मान्य केले. छायाचित्रकार व्यवस्थापनाने रोजावर आणलेला होता. तोही पोटार्थी माणूस. आम्ही विचारले, कोठून काढला? तो सरळ म्हणाला, “गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता, त्याच्या मागून. स्टँडवर. पाचशेच्या लेन्सने.” ह्या एका उत्तराबद्दल आम्ही त्याचे आजन्म ऋणी आहो.

निगेटिव्ह आली तेव्हा उलगडा झाला. पोस्टकार्डावर जे कमरेपासून वर होते ते छाटलेले होते. पूर्ण चौकोनात दोघेही पायांसकट उभे होते. कॅमेरा माणसाच्या उंचीवर आणि रस्ता सपाट असला की जवळची आणि दूरची डोकी एकाच रेषेत येतात. पाय मात्र येत नाहीत. जवळच्याचे पाय खाली, दूरच्याचे वर. छाटताना हाच पुरावा कात्रीखाली गेला होता. अंतरामुळे दुसरा माणूस अस्पष्ट का झाला नाही, असे चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. जवळची वस्तू टिपताना लांब लेन्सची मागची बाजू पुसट होते हे खरे. पण ३०० फुटांवर रोख धरला, तर तीस-चाळीस फूट मागचेही स्पष्ट उमटते. त्यामुळे तीही खूण उरत नाही.

स्टुडिओच्या मालकांनी मधला भाग दसपट वाढवून दिला. आम्ही पोलादी पट्टीने मोजले. सोबती ९२ मिलिमीटर, साहेब ८१. मग चौकशीच्या खोलीत दोघांना भिंतीशी उभे करून उंची घेतली. टर्नर आणि साहेब एकाच भिंतीला पाठ लावून उभे, हा देखावाही तेथे प्रथमच घडला असावा. दोघेही साडेपाच फूट भरले. हिशेब इयत्ता सातवीचा आहे. उंची सारखी असेल तर चित्रातील उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात. ९२ ला ८१ ने भागले की १.१३६ येते. टेम्पोच्या जागेपासून सोबत्याच्या जागेपर्यंत फीत धरून मोजले ते ३०० फूट, त्याला १.१३६ ने गुणले की साहेब ३४१ फुटांवर जातो. मध्ये ४१ फूट. उंचीत अर्ध्या इंचाची चूक झाली असेल असे धरले, तरी दोन-तीन फूट इकडे की तिकडे. चाळीस फुटांवरून गळपट्टीला हात घालणारा टर्नर असता तर त्याला सर्कशीत नोकरी मिळाली असती, एवढे आम्ही म्हणालो. ते कामकाजात लिहून घेतले गेले नाही.

मारहाणीचा आरोप पडला. घोषणा देऊन शिस्तभंग केल्याचा राहिला, आणि त्यासाठी चार दिवसांची बिनपगारी रजा भोगावी लागली. त्या घोषणा त्याने दिल्या होत्या, हे आम्ही नाकबूल केले नाही.

तेव्हापासून ह्या नळ्यांनी आम्हांस वेड लावले. शाळा आमची नववीत सुटली. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. वाचता वाचता कळले, की लांब नाभीय अंतराची लेन्स आणि टेलिफोटो ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधे बहिर्वक्र भिंग घेतले तर ५०० मिलिमीटरसाठी नळीही जवळजवळ तेवढीच लांब लागते. पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंगांचा संच बसवला, की नळी आखूड होऊनही चित्र तेवढेच मोठे राहते. ही युक्ती १८९१ च्या सुमारास इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत मीटे व श्टाइनहाइल अशा तिघांना एकमेकांशिवाय सुचली. ज्या १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकात ध्यानचंदांच्या संघाने हॉकीचे सुवर्णपदक घेतले, त्याच ऑलिंपिकासाठी झाइसने १८० मिलिमीटरची सोन्नार लेन्स काढली. पुढे तिची बहीण सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यांवर आली आणि ३०० ची आणखी एक आली. ती फिरवायचा कॅमेरा १९५६ साली प्राक्टिसिक्स नावाने निघाला व १९६६ पासून पेन्टाकॉन सिक्स झाला. दिसायला छोट्या कॅमेऱ्याचा थोरला भाऊ, पण खोड्या फार. खटका दाबला की आतला आरसा धाडकन वर जातो आणि पुढचा फोटो गुंडाळेपर्यंत खाली येत नाही. तोवर पाहणाऱ्यापुढे अंधार. त्या धक्क्याने लांब लेन्स थरथरते. म्हणून वजनदार तिपाई, आणि शटर होईल तितके जलद.

येनाच्या त्या कारखान्याबद्दल मात्र घाईने पुढे जाववत नाही. कार्ल झाइस ह्याने १८४६ साली काढलेल्या त्या कर्मशाळेला शास्त्र दिले ते एर्न्स्ट आबे ह्याने. आबेचा बाप सूतगिरणीत होता. चौदा-सोळा तास उभ्याने काम करी. लहानगा आबे त्याचा डबा घेऊन जाई आणि बाप यंत्राला टेकून, भांडे हातात धरून जेवण उरके ते पाही. तोच मुलगा कारखान्याचा मालक झाला तेव्हा त्याने १८८९ साली एक निधी स्थापून पुढे आपली मालकी त्याच्या हवाली केली, पगारी सुट्टी व निवृत्तिवेतन नियमांत घातले आणि १९०० साली आठ तासांचा दिवस सुरू केला. आमच्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने गिरणी कामगारांस नुसती रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, आणि आठवड्याचे ४८ तास कायद्यात यायला १९४६ साल उजाडले. आबेचा हिशेब भावनेचा नव्हता. तास कमी केल्यावर काम घटले का हे त्याने मोजून पाहिले, आणि ते घटले नाही. भिंग घासणाऱ्याचा डोळा थकला की काच वाया जाते, हे मालकाला सांगायला आम्हांस अजून चार बैठका लागतात. महायुद्धानंतर येनाची यंत्रे रशियनांनी नेली, वरचे शास्त्रज्ञ अमेरिकनांनी नेले, तरी शहर पुन्हा लेन्स घडवू लागले. टेबलावरची ही लेन्स येनाची नव्हे, त्याच देशातल्या गोर्लिट्झ गावच्या मायर कारखान्याची घडण. तो कारखाना १९६८ साली पेन्टाकॉनमध्ये विलीन झाला. जर्मनी एक झाल्यावर तोही बंद पडला. तेथील कामगारांचे पुढे काय झाले असेल, ह्याची कल्पना करायला भांडुपच्या माणसाला जर्मन यावे लागत नाही.

लांब लेन्स म्हणजे परदेशचे कौतुक असे मात्र समजू नका. महाराष्ट्रात हिच्यापेक्षा कितीतरी मोठी लेन्स येऊन गेली आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी कोकणातून वऱ्हाडाकडे खग्रास सूर्यग्रहण गेले. सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याच्या वाटेवर जेऊर नावाचे स्टेशन आहे. तेथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल हा ज्योतिषी तळ ठोकून होता आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक नायगमवाला हेही आपली यंत्रे घेऊन आले होते. कॅम्पबेलच्या एका कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ४० फूट. काच मात्र ५ इंचांची, कारण सूर्याला प्रकाशाची ददात नसते. आता एक ठोकताळा सांगतो: नाभीय अंतराला ११० ने भागले की सूर्याचे किंवा चंद्राचे चित्र केवढे येईल ते कळते. साध्या ८० च्या लेन्सने चंद्र फिल्मवर पाऊण मिलिमीटरचाही येत नाही. म्हणूनच घरच्या कॅमेऱ्याने काढलेला पौर्णिमेचा चंद्र टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो आणि मुले हिरमुसतात. आमच्या ५०० ने तो साडेचार मिलिमीटर येतो. जेऊरच्या ४० फुटांनी सूर्याचे बिंब ४ इंचांहून मोठे पडे. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात काचेच्या मोठाल्या प्लेटा बदलायच्या. सूर्य त्यामुळे एक इंचही जवळ आला नाही, हे सांगायला नको.

ज्या गोष्टीने आम्ही सोबत्याला वाचवले तिनेच पुढे आम्हांला पकडले, तेही सांगून टाकतो. काही वर्षांनी भांडुपहून विक्रोळीकडे आमचा एक मोर्चा निघाला. माणसे चारशेच्या घरात. आम्हीच मोजली होती. पण एका छायाचित्रकार मित्राने रस्त्याच्या पार टोकाकडून, लांब लेन्सने फोटो काढला. चारशे माणसे दोन फर्लांगांत विखुरलेली होती. फोटोत डोक्याला डोके लागले, झेंड्यांचे रान माजले. आम्ही तो पत्रकावर पानभर छापला. आकडा लिहिला नाही, तेवढी लाज शिल्लक होती. पुढल्या वाटाघाटीत व्यवस्थापनाच्या वकिलाने तेच पत्रक आमच्यापुढे सरकवले आणि विचारले, “फोटो कुठून काढला?” आम्ही पाणी प्यालो.

हे केवळ जुन्या फिल्मवाल्यांचे नाही. २०२० साली साथीच्या दिवसांत डेन्मार्कमधील दोन छायाचित्रकारांनी अंतर राखून उभ्या असलेल्या त्याच त्याच माणसांचे दोन-दोन फोटो प्रसिद्ध केले, एक रुंद लेन्सने व एक लांब लेन्सने. एकात शहाणे नागरिक, दुसऱ्यात बेपर्वा गर्दी. आपल्या ठाण्याच्या खाडीचेही तसेच. २०१५ साली तेथे फ्लेमिंगोंचे अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली रामसर यादीत नाव आले. आता दर हिवाळ्यात फोटो येतात: गुलाबी पक्षी आणि त्यांच्या पाठीला भिडलेले मनोरे. समजा चार फुटी पक्षी ३०० फुटांवर आहे आणि ३०० फुटी मनोरा दोन मैलांवर. आमच्या लेन्सने पक्षी निगेटिव्हवर सुमारे ७ मिलिमीटर येईल, मनोरा १४. चार फुटांचा पक्षी मनोऱ्याच्या निम्मा! असा फोटो दाखवून कोणी म्हणेल की बांधकाम पक्ष्यांच्या उरावर आले, आणि दुसरा म्हणेल की पाहा, पक्षी मनोऱ्यांशेजारी सुखाने नांदतात. खाडीवर काय चालले आहे ह्याची आम्हांसही काळजी आहे, परंतु ते फितीने आणि नकाशाने मोजावे. त्या फोटोवरून दोघांनाही तसे म्हणता येत नाही.

ही लेन्स आमच्याकडे कशी आली, असे पुष्कळ जण विचारतात. टेम्पोच्या मागे उभा असलेला तो छायाचित्रकार तीच घेऊन आमच्या कचेरीत आला, फिल्मचा धंदा बसल्यावर. विकत घ्या म्हणाला नाही. ठेवून घ्या म्हणाला. घरी तो ती लोखंडी कपाटात, रात्रंदिवस एक पंधराचा दिवा लावून ठेवी, कारण मुंबईच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. पंधरा दिवस वीज नसलेला एक पावसाळा तिला भोवला आहे. आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतील. त्याने चित्र किंचित दुधाळ होते, बाकी काम ठीक चालते. तिच्यावर झरोक्याची दोन कडी आहेत: एकाने आकडा ठरवून ठेवायचा, रोख उघड्या झरोक्यावर घ्यायचा, मग दुसरे कडे अडेपर्यंत फिरवायचे. घाईत लोक दुसरे विसरतात आणि रोल जळतो.

लेन्स आता तिपाईवर चढवीत आहो. मागे कॅमेरा आहे, रोल नाही. पटांगणाच्या टोकाला ट्यूबलाइटचे दोन खांब एकामागे एक आहेत. पैलतीरावरच्या दोन शेजाऱ्यांसारखे ते ह्यातून चिकटलेले दिसतील. आधी पाहून अंतर किती ते मनाशी ठरवा आणि मग चालत जाऊन मोजा. ५० फुटी फीत टेबलावर आहे. बायकांची रांग डावीकडे, पुरुषांची उजवीकडे, मुलांना पुढे घ्या. पुढच्या काचेला बोट कोणी लावू नये.